धन्य कोण? पापाची ओळख, कबुली आणि क्षमा : वाचकांचे प्रश्न

राखेचा बुधवार झाला, म्हणजे ईस्टरपूर्वीचा पश्चात्तापाचा काळ सुरू झाला, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी बाप्तिस्मा, लग्न, कबरस्तान यांबद्दल विचारणारे वाचक स्वतःबद्दल लिहू लागतात. या अंकासाठी सात पत्रे निवडली आहेत. नावे आणि गावे काढली आहेत. उत्तरासाठी लागतो तेवढाच तपशील ठेवला आहे. वाचताना बायबलच्या स्तोत्रसंहितेतले 32 वे स्तोत्र उघडून शेजारी ठेवावे, कारण बहुतेक उत्तरे तिथेच येऊन पोचतात. ज्याच्या अपराधाची क्षमा झाली तो धन्य, अशी त्याची सुरुवात आहे.

प्रश्न : मी जन्माने ख्रिस्ती. रविवारी उपासनेत ‘आम्ही पापी आहोत’ असे सगळ्यांबरोबर म्हणतो, पण मनाला काही लागत नाही. चोरी नाही, दारू नाही, बाहेरचे संबंध नाहीत. मग पाप ओळखायचे तरी कसे?

‘आम्ही पापी’ हे खरेच आहे, पण त्या ‘आम्ही’त लपायला भरपूर जागा असते. दावीद राजालाही नियमशास्त्र पाठ होते. आपलाच सैनिक उरीया याची बायको घेऊन, उरीयाला लढाईत मारवूनही तो गप्प होता. नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला तेव्हा त्याने आल्या आल्या बोट दाखवले नाही. एका गरिबाची एकुलती मेंढी होती, ती त्याच्या ताटातले खायची, त्याच्या कुशीत निजायची; शेजारच्या श्रीमंताने पाहुण्यासाठी आपले कळप सोडून तीच कापली, एवढेच सांगितले. दावीद संतापला. तो माणूस मरणाला योग्य आहे, त्याने चौपट भरून द्यावे, असा निकाल त्याने देऊनही टाकला. मग नाथान म्हणाला, ‘तो मनुष्य तूच आहेस.’

यातून एक उपाय हाती लागतो. दुसऱ्याच्या कोणत्या वागण्याने तुमच्या अंगाचा तिळपापड होतो, ते आधी लिहा. भावाचा कंजूषपणा, साहेबाचे खोटे बोलणे, सासूचे टोमणे. मग तीच गोष्ट तुमच्याकडून कोणावर होते, ते शोधा. बहुतेकांना पहिले पाप इथेच सापडते.

पुढची पद्धत अशी. रात्री फोन बाजूच्या खोलीत ठेवा. अर्धा कागद आणि 20 मिनिटे पुरतात. सगळे आयुष्य उकरू नका, मागचा एक महिना घ्या. दहा आज्ञा एकेक करून वाचा आणि त्यांच्याबरोबर मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 5 वा अध्याय वाचा. तिथे येशू खुनाची आज्ञा रागापर्यंत आणि व्यभिचाराची नजरेपर्यंत आणतो. प्रत्येक वाक्य ‘मी’ने सुरू व्हावे, त्यात एक क्रिया असावी आणि ती कोणावर घडली तेही असावे. ‘माझा स्वभाव तापट आहे’ ही कबुली नव्हे, ते स्वभाववर्णन झाले. ‘मंगळवारी रात्री मुलांसमोर मी बायकोला म्हणालो, तुझ्या बापाने काय दिलंय?’ ही कबुली. जे करायला हवे होते आणि केले नाही, तेही लिहा. चांगले करणे ठाऊक असून न करणे हे पाप आहे, असे याकोबाच्या पत्रातले 4:17 हे वचन स्पष्ट सांगते, आणि दारू-चोरीपासून लांब असलेल्या माणसांची बहुतेक पापे याच रकान्यात निघतात.

चुकते ते ‘पण’पाशी. ‘मी ओरडलो, पण तिनेच सुरुवात केली.’ कागदावर जिथे ‘पण’ येईल, तिथून पुढचे सगळे खोडा. दुसरी चूक म्हणजे यादी चाळीस ओळींची करणे. इतकी लांब यादी पुन्हा ‘आम्ही पापी’सारखीच धूसर होते. ज्या तीन-चार ओळी लिहिताना हात अडखळला, त्या धरा. काम झाले की कागद फाडून टाका. फोनच्या नोट्समध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवू नका. घरातल्या दुसऱ्या कुणी तो वाचला तर कबुलीचा घरभर तमाशा होतो.

जन्माने ख्रिस्ती असूनही मनाला काही लागत नाही, याची लाज वाटू देऊ नका. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, हे त्यानंतर आठ वर्षांनी उमगले, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

प्रश्न : आईवडील गेल्यावर बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. ‘बँकेचा कागद आहे’ असे सांगितले होते. आम्ही दोघेच वारस. पुढे ती जमीन 36 लाखांना विकली. त्याला 12 वर्षे झाली. देवाजवळ रडून कबुली दिली आहे. तेवढे पुरे नाही का?

नाही. हे उत्तर कठोर वाटेल, पण तुम्ही विचारलेत म्हणजे ते तुम्हालाही ठाऊक आहे.

जुन्या करारात लेवीय 6 मध्ये शेजाऱ्याला फसवून घेतलेल्या मालाचा क्रम दिला आहे: मूळ वस्तू परत, वर तिचा पाचवा हिस्सा, आणि त्यानंतर दोषार्पण, म्हणजे अपराधाबद्दलचा बळी. गणना 5 मध्येही तेच आहे, आणि तिथे पापाची कबुली देण्याची आज्ञाही त्याच वाक्यात येते. येशू मत्तय 5:23-24 मध्ये सांगतो की अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाकडे जा. जक्कय या जकातदाराने तर अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट, असे जाहीर केले. येशू त्याच्या घरी उतरला तो या हिशेबाच्या बदल्यात नव्हे. तो आधी घरात आला आणि त्यानंतर जक्कयाचा हात सैल झाला. परतफेड ही क्षमेची किंमत नव्हे. पण चोरलेला माल हातात घट्ट धरून ठेवलेला माणूस क्षमा कोणत्या हाताने घेणार?

आता आकडा. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार, मृत्युपत्र नसेल तर महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. (गोव्यात वारसाचा कायदा वेगळा आहे.) म्हणजे बहिणीचे 18 लाख. पाचवा हिस्सा 3 लाख 60 हजार. एकूण 21 लाख 60 हजार. पण 12 वर्षांचे बँकेचे साधे व्याज धरले तरी रक्कम याच्या पुढे जाते, म्हणून आमच्या मते पाचवा हिस्सा ही कमीत कमी मर्यादा समजावी. एकरकमी देणे जमत नसेल तर हप्ते ठरवा, ते कागदावर लिहा आणि पहिला हप्ता त्याच भेटीत द्या. पैशांऐवजी उरलेल्या जमिनीतला वाटा द्यायचा असेल तर दस्त नोंदवावा लागतो, मुद्रांक शुल्क लागते. आधी वकिलाला भेटा. दावा करायची मुदत संपली आहे का, हा प्रश्न मात्र त्या वकिलाला विचारू नका.

भेटायला जाताना फोनवर बोलून मोकळे होऊ नका. समोर बसून तीन गोष्टी सांगा: मी काय केले, तुझे काय लागते, आणि ते कधी कसे देणार. एवढे सांगून थांबा. ‘आता मला माफ कर’ हे त्याच दमात म्हणू नका. बारा वर्षांनी खरे ऐकणाऱ्या माणसाला पाच मिनिटांत क्षमा करायला लावणे म्हणजे तिच्याकडून दुसरी सही घेणे होय. तिने दार लावून घेतले तरी हप्ता चुकवू नका.

रक्कम चर्चच्या दानपेटीत टाकून सुटका होत नाही. गणना 5:8 प्रमाणे ती याजकाकडे जाते, पण केव्हा? ज्याचे नुकसान झाले तो आणि त्याचे जवळचे नातलग कोणीच उरलेले नसतील तेव्हाच.

प्रश्न : माझे माहेर सी. एन. आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रॉटेस्टंट) आणि सासर कॅथलिक. सासूबाई म्हणतात फादरजवळ कन्फेशन केल्याशिवाय क्षमा नाही. वडील म्हणतात थेट देवाला सांग. कोणाचे ऐकू?

दोघांच्याही परंपरेत कबुली आहे, फक्त ती दोघांनाही पूर्ण ठाऊक नसते.

कॅथलिक मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हा प्रायश्चित्ताचा संस्कार. गोव्यात त्याला कुमसार म्हणतात. त्याचे टप्पे पाच: विवेकाची तपासणी, पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय, कबुली, आणि धर्मगुरूने दिलेले प्रायश्चित्त पार पाडणे. वर्षातून निदान एकदा गंभीर पापे कबूल करण्याचा नियम 1215 च्या लॅटरन धर्मपरिषदेपासून आहे. आत गेल्यावर शेवटचे कन्फेशन कधी झाले ते सांगायचे. मग गंभीर पापांचा प्रकार आणि संख्या. ‘महिन्यातून साधारण दोनदा’ असेही चालते. पाच मिनिटे खूप झाली. पार्श्वभूमी, भांडणाचा इतिहास, जावेचे नाव यांची गरज नसते. धर्मगुरूवर गुप्ततेचे बंधन पूर्ण आहे. ते जाणूनबुजून मोडणारा धर्मगुरू आपोआप बहिष्कृत होतो.

तुमच्या माहेरची मंडळी 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन झाली, आणि त्यांत अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतलेही होते. उपासनेतली एकत्र कबुली आणि त्यानंतर पाळकाने जाहीर केलेली क्षमा हा त्यांचा वारसा. एकट्याने पाळकाजवळ जाऊन पाप सांगण्याची वाटही बंद नाही. प्रॉटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक ल्यूथर याच्या अनुयायांनी 1530 मध्ये ऑग्सबर्ग येथे मांडलेल्या विश्वासपत्रिकेच्या 11 व्या कलमात खासगी क्षमावचन मंडळीत टिकवावे असेच म्हटले आहे. एकमेकांजवळ पापे कबूल करा, ही याकोबाची आज्ञा तर सर्वांनाच आहे.

बिघडते कुठे, तेही दोन्हीकडचे सांगतो. सासरच्या बाजूला पाठ केलेली तीच चार पापे दर वर्षी सांगून बाहेर पडायचे आणि घरी कोणाची भरपाई करायची नाही. माहेरच्या बाजूला ‘थेट देवाला’ म्हणता म्हणता पापाचे नाव कधी तोंडातून निघतच नाही. तुम्ही माहेरची रीत पाळणार असाल तर महिन्यातून एकदा अर्धा तास एखाद्या जाणत्या बाईला द्या. ती नात्यातली नसावी, मंडळीच्या राजकारणात नसावी. वाक्य मोठ्याने म्हणा. तिने 1 योहान 1:9 हे क्षमेचे वचन वाचून दाखवावे. ऐकणाऱ्याने गुप्ततेचे वचन देताना एक अपवाद आधीच सांगून ठेवावा: लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

प्रश्न : वीस वर्षांपूर्वीचे एक पाप मी किती वेळा कबूल केले त्याची गणती नाही. प्रत्येक वेळी वाटते, नीट सांगितले नाही, पश्चात्ताप पुरेसा झाला नाही. क्षमा झाल्यासारखे वाटतच नाही.

तुमच्या पत्रात ‘वाटते’ हा शब्द अकरा वेळा आला आहे. आपण कबूल केले तर देव विश्वसनीय आणि न्यायी आहे, म्हणून तो क्षमा करतो, असे 1 योहान 1:9 म्हणते. आधार त्याच्या शब्दाचा आहे. तुमच्या रडण्याची खोली तिथे मोजली जात नाही.

स्तोत्र 32 च्या पहिल्या दोन ओळींत पापासाठी तीन वेगळे हिब्रू शब्द आहेत: एक बंडाचा, एक नेम चुकण्याचा, एक वाकडेपणाचा. त्यांच्यासमोर क्षमेचीही तीन क्रियापदे आहेत: उचलून नेले, झाकले, हिशेबात धरले नाही. तिन्ही देवाची कामे. हे स्तोत्र ज्याच्या नावावर आहे त्या दाविदाच्या वाट्याला पाचव्या ओळीत एकच काम येते, ते म्हणजे न लपवणे. ते तुम्ही केव्हाच केले आहे.

येशूला पकडले त्या एकाच रात्री त्याचे दोन शिष्य चुकले; यहूदाने त्याला पैशांसाठी धरून दिले, पेत्राने त्याला नाकारले. यहूदाने चांदीची 30 नाणी परत आणली, ‘मी पाप केले’ असेही म्हटले, पण ज्या याजकांना सांगितले त्यांनी खांदे उडवले आणि तो एकटाच निघून गेला. पेत्र रडला आणि बाकीच्यांमध्ये राहिला. योहान इथे एक बारीक खूण ठेवतो. पेत्राने अंगणात ज्या कोळशाच्या शेकोटीपाशी येशूला नाकारले, तिच्यासाठी वापरलेला ग्रीक शब्द नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी येतो: पुनरुत्थानानंतर किनाऱ्यावर येशूने मासे भाजायला पेटवलेल्या विस्तवापाशी. तिथे तीन नकारांवर तीन प्रश्न होतात, ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ आणि प्रत्येक उत्तरानंतर मेंढरे सांभाळायचे काम मिळते. नकाराचा तपशील येशू पुन्हा वदवून घेत नाही.

आता नियम. एकदा कबूल केलेले पाप पुन्हा कबूल करायचे नाही. सल्ला एकाच धर्मगुरूचा किंवा पाळकाचा घ्यायचा, दारोदार नाही. शंका आली की त्याच क्षणी तिचा निकाल लावत बसू नका, हातातले काम पुढे न्या. लोयोलाच्या इग्नेशियसलाही 1522 मध्ये मान्रेसा येथे याच छळाने जीव द्यावासा वाटला होता. जुनी पापे पुन्हा कबूल करायची नाहीत असे ठरवल्यावर तो त्यातून सुटला. हे विचार दिवसाचा तासाहून अधिक वेळ खात असतील, हात धुणे, मोजणे, प्रार्थना पहिल्यापासून पुन्हा म्हणणे असेही होत असेल, तर तो बहुधा मंत्रचळाचा आजार आहे. त्यावर औषध आणि उपचार आहेत. मनोविकारतज्ज्ञाला भेटा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक मराठीतही बोलतो. जीव नकोसा वाटत असेल तर आजच फोन करा.

प्रश्न : वडिलांना पक्षाघात झाला. एका प्रार्थनासभेत सांगितले की घरात लपलेले पाप आहे, म्हणून आशीर्वाद अडला आहे. विशेष प्रार्थनेसाठी रक्कमही सांगितली. द्यावी का?

देऊ नका. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हेच विचारले होते आणि योहान 9:3 मध्ये येशूने उत्तर दिले: याने पाप केले नाही, याच्या आईबापांनीही नाही. स्तोत्र 32 मधला ‘धन्य’ हा शब्द बरकतीचा नाहीच. मोकळ्या झालेल्या माणसाच्या सुखाचा तो शब्द आहे. क्षमा मिळूनही उरीयाच्या बायकोपासून झालेले दाविदाचे मूल वाचले नाही. ते पैसे फिजिओथेरपीला लावा. पहिल्या काही महिन्यांतला व्यायाम फार मोलाचा असतो.

प्रश्न : नवरा मारतो. नंतर रडतो, गुडघे टेकतो. मंडळीतले वडीलधारे म्हणतात, सत्तर वेळा सात क्षमा करायची आहे, परत जा. मी क्षमा केली नाही तर देव मला क्षमा करणार नाही का?

ताई, क्षमा करणे आणि त्या घरात परत जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मत्तय 18 मधला दृष्टांत वडीलधाऱ्यांनी पूर्ण वाचायला हवा होता. त्या चाकराचे राजाला देणे होते 10,000 तालंत. एक तालंत म्हणजे सुमारे 6,000 दीनार आणि एक दीनार म्हणजे दिवसाची मजुरी. वर्षाला 300 दिवस काम धरले तर दोन लाख वर्षांची कमाई. राजाने ते सगळे माफ केले. पण बाहेर पडताच त्याने सोबतच्या चाकराचा गळा धरला; त्याचे देणे होते 100 दीनार. म्हणजे तीन महिन्यांहून जास्त मजुरी. तीही लहान रक्कम नव्हे. तुमच्यावर झालेला अन्याय खरा आणि मोठा आहे, हे दृष्टांत नाकारत नाही. तो एवढेच मागतो की गळा धरायचा हक्क सोड, सूड देवाच्या हाती दे. आणि त्याच अध्यायात, थोडे आधी, अपराध करणाऱ्या भावाला एकट्याने समजावणे, मग एकदोघांना साक्षीला नेणे, मग मंडळीसमोर आणणे, असा क्रम दिलेला आहे. तो वडीलधाऱ्यांनी तुमच्या नवऱ्यावर कधी चालवला?

रडणे म्हणजे पश्चात्ताप नव्हे. पश्चात्ताप दिसतो तो असा: मारले हे तो तिसऱ्या माणसासमोर ‘पण’ न लावता कबूल करतो, दारू असेल तर उपचार घेतो, तुम्ही वेगळ्या राहता हे निमूट मान्य करतो आणि महिनोन्‌महिने तसाच वागतो. तोवर सुरक्षित राहा. 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली तुम्हाला संरक्षण, राहण्याचा हक्क आणि खर्ची मागता येते. महिला मदत क्रमांक 181, तातडीला 112. तक्रार केल्याने क्षमा मोडत नाही.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा, यंदा पहिले कन्फेशन आहे. तयारी कशी करून घ्यावी?

यादी पाठ करून घेऊ नका; मुले मग न केलेली पापेही सांगतात. रात्री निजताना दोनच प्रश्न विचारा: आज कुणाला दुखावलंस? त्याचं काय करूया? बहिणीचा खडू मोडला असेल तर दुसऱ्या दिवशी आपला एक तिला द्यायचा, इतकी भरपाई त्याला कळते. त्या आठवड्यात तुम्ही त्याच्यावर विनाकारण ओरडला असाल तर तुम्हीच आधी त्याची माफी मागा, कारण देऊ नका. देव बघतोय, शिक्षा करेल, ही भीती घालू नका. उधळ्या पुत्राची गोष्ट सांगताना बाप लांबून पाहून धावत गेला, तिथे थांबा, ते त्याला करून दाखवा. आणि तो आतून बाहेर आल्यावर ‘काय सांगितलंस रे?’ हे आईने, आजीने, कुणीही विचारायचे नाही.